नऊची तार

वाद्य 'लावणे' हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्दप्रयोग आहे. आपण दिवा लावतो, झाड लावतो, जीव लावतो आणि तंबोरा किंवा तबलाही लावतो. वर्गात क्रियापदांच्या अर्थच्छटा शिकवताना हे उदाहरण मी कित्येक वर्षे देत आलो आहे. पण वाद्य लावणे म्हणजे नेमके काय, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आमच्या धारगळच्या घराच्या ओसरीवर, बारावीतल्या मुलीकडून आणि एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांकडून शिकावे लागले. निमित्त झाले माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बदलण्याचे.

धारगळ आणि इलेक्ट्रिक गिटार, हे ऐकून काही वाचक हसतील. आज हसण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. महामार्ग रुंद झाला, 2023 च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि 2024 च्या डिसेंबरात तर सनबर्न महोत्सवच आमच्या गावात भरला. पण मी शाळेत होतो तेव्हा गिटार ही आम्हाला कोलवाळचा पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर दिसणारी वस्तू होती. बार्देश, सासष्टी, तिसवाडी या जुन्या काबिजादीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. तिथूनच पुढे मुंबईच्या सिनेसंगीताला वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या मिळाल्या. आमचा पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आला तो 1788 साली, अगदी शेवटी. त्यामुळे आमच्याकडे राहिले ते भजन, दशावतार आणि चवथीची घुमट-आरती. आमच्या घरात वाद्य म्हणजे पखवाज. बाबा पंचक्रोशीतले नावाजलेले पखवाजी. सप्ताहात त्यांची वाट पाहत बुवा थांबून राहत, असे जुनी माणसे अजूनही सांगतात.

अशा घरात 1999 साली मी इलेक्ट्रिक गिटार आणली. म्हापशाला कॉलेजात असताना शिवोलीकडचे मित्र भेटले. शिवोली म्हणजे रेमो फर्नांडिस यांचे गाव, तिथल्या मुलांना गिटारचे वेड नसते तरच नवल. त्यांच्याबरोबर मलाही ते लागले. शिकवण्या करून पैसे साठवले आणि एका तारवट्याकडून, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गृहस्थाकडून, वापरलेली जपानी गिटार घेतली. फेंडर कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर नावाची जी गिटार काढली, तिच्या धाटणीची. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच विचारले, "लाईट गेली की हे काय करणार?" त्या काळात धारगळला लाईट किती वेळा जाई हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नातली मेख कळेल.

त्यानंतर काही वर्षांतच बाबांनी पखवाज वाजवणे सोडले. त्याला गवसणी घालून त्यांनी तो कपाटावर ठेवला. मुलगा वारसा सोडून परक्या वाद्याच्या नादी लागला, म्हणून ते दुखावले, असे मी मनाशी धरून बसलो. विचारायचे धाडस मात्र कधी झाले नाही.

आता थोडे तारांविषयी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सगळ्यात बारीक तार 9 हजारांश इंच, म्हणजे 0.23 मिलीमीटर असेल, तर त्या संचाला 'नऊचा सेट' म्हणायचे. त्यातल्या सहा तारा साधारण 9, 11, 16, 24, 32 आणि 42 अशा. त्याच्यावर दहाचा सेट. त्याच्याही वर अकराचा, त्यात 11 पासून 49 पर्यंतच्या तारा. कागदावर दोन हजारांश इंचाचा फरक म्हणजे काहीच नाही. पण तार एकाच स्वरात लावायची असेल तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मॅरां मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने तारेची लांबी, ताण आणि जडपणा यांचे स्वराशी असलेले नाते 1636 साली ग्रंथात मांडले. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला ते स्टाफरूममध्ये चहाच्या कपाशेजारी आकडे मांडून दाखवले. नऊच्या तारेला सहा किलोच्या आसपास ताण पडतो, तर अकराच्या तारेला जवळपास नऊ किलो. म्हणजे दीडपट. सहाही तारांचा हिशेब केला तर नऊच्या सेटचा ताण चाळीस किलोच्या थोडा आत राहतो आणि अकराच्या सेटचा पन्नास किलोच्या वर जातो. एवढा भार ती लाकडी मान रात्रंदिवस सोसत असते. आणि तेवढ्याच प्रमाणात वाजवणाऱ्याची बोटे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ अकराचाच सेट लावत आलो. आमच्यात तशी एक समजूतच होती की जाड तारेशिवाय आवाजाला वजन नाही आणि बारीक तारा लावतात त्या कच्च्या बोटांच्या मुलांनी. अमेरिकेतला स्टीव्ही रे व्हॉन तर तेराची तार लावी, हे आम्ही एकमेकांना शंभरदा सांगितले असेल. तो त्या तारा अर्धा स्वर उतरवून लावी, हे मात्र कोणी सांगत नसे. बोटांच्या टोकांवर पडलेले घट्टे आम्ही पदकासारखे मिरवत होतो.

मग आला मधुमेह. तो आला, ते एकदाचे मान्य केले, गोळ्या सुरू झाल्या. पण दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताची अनामिका सकाळी उठल्यावर अडकू लागली. मुठीत मिटली की सरळच होईना, दुसऱ्या हाताने सोडवली की खटका बसावा तशी उघडे. डॉक्टर म्हणाले, हे ट्रिगर फिंगर. बोट हलवणारा स्नायूबंध ज्या बारीक बोगद्यातून सरकतो तिथे सूज येऊन तो अडकतो, आणि मधुमेह असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. त्यांनी पट्टी दिली, विश्रांती सांगितली, गरज पडली तर इंजेक्शन आणि त्यानेही भागले नाही तर छोटी शस्त्रक्रिया, असे समजावले. सूज उतरल्यावर हलक्या हाताने वाजवायला हरकत नाही, असेही ते म्हणाले. पण अकराच्या तारेवर हलका हात चालत नाही. तिच्यावर मींड घ्यायची तर तार जोर लावूनच ओढावी लागते. दोनतीनदा प्रयत्न केला, बोट ठणकले आणि गिटार माळ्यावर गेली.

घरात मी खरे कारण सांगितले नाही. पेपर तपासायचे आहेत, नॅकचे काम आहे, वेळ कुठे मिळतो, अशी उत्तरे देत राहिलो. सौ.ला ठाऊक होते. ती एकदाच म्हणाली, "बोट दुखतं हे सांगायला लाज वाटते, की वाजवता येत नाही याची?" मी वर्तमानपत्र उघडले.

गिटार खाली काढली ती आमच्या बायने. बारावीच्या अभ्यासातून विरंगुळा म्हणून तिला ती हवी होती. गंजलेल्या अकराच्या तारांवर बोटे दाबून तिच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा तिने मला न विचारता नऊचा सेट मागवला. आषाढातल्या एका रविवारी ते पाकीट घेऊन ती समोर उभी राहिली तेव्हा मला खरेच राग आला. "या काय दोऱ्या आहेत?" असे मी बोलून गेलो.

तिने वाद घातला नाही. एक गोष्ट सांगितली. ब्लॅक सब्बाथ या इंग्लंडमधल्या बँडचा वादक टोनी आयोमी 1965 साली, सतरा वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि त्या काळी हलके सेट सहज मिळत नसल्यामुळे बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तबकडीत तर काही गाण्यांसाठी त्याने सगळी गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवली. त्या उतरलेल्या, सैल तारांतून जो आवाज निघाला त्याच्यावर एका नव्या संगीतप्रकाराचा पाया रचला गेला. "बाबा, तो कच्चा होता का?" तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

तारा बदलायला आम्ही ओसरीवरच बसलो. बाहेर पावसाची झड लागली होती आणि बाबा आरामखुर्चीत. मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. जुन्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, स्वरात लावल्या, आणि गिटार चक्क खुळखुळ्यासारखी वाजू लागली. पहिल्या चारपाच पडद्यांवर प्रत्येक स्वर करकरत होता, आणि पूल म्हणजे ब्रिज मागे खेचला जाऊन लाकडावर पालथा बसला होता. बाबा म्हणाले, "काय गो बाय, तुझ्या बापाचं वाद्य रुसलं वाटतं?"

चूक माझीच होती. वीस वर्षे ज्या वाद्याने पन्नास किलोंचा भार पेलला, त्याच्यावरचा बारापंधरा किलोंचा भार आम्ही एकदम उतरवला होता. गिटारच्या मानेत एक पोलादी सळई असते. तारा मानेला पुढे वाकवतात, सळई तिला मागे ओढते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना या जुळवाजुळवीचे पेटंट मिळाले 1923 साली. तारांचा ओढा कमी झाला आणि सळईचा तसाच राहिला, म्हणून मान मागे कलली आणि तारा पडद्यांना टेकल्या. पुलाचेही तेच. तारा त्याला पुढे ओढतात आणि गिटारच्या पाठीत लपलेल्या स्प्रिंगा मागे. जाड तारांसाठी मी पाच स्प्रिंगा लावून ठेवल्या होत्या. बारीक तारांपुढे त्या शिरजोर झाल्या.

मग सगळे क्रमाने करावे लागले. ज्यांच्या घरी मुलांची गिटार आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आधी पाठीचे झाकण काढून दोन स्प्रिंगा कमी केल्या, तीन ठेवल्या आणि त्यांना धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू थोडे थोडे सैल करत पूल समतोलावर आणला. दर खेपेला सहाही तारा पुन्हा स्वरात लावायच्या, कारण एक हलली की बाकीच्या पाच उतरतात किंवा चढतात. मग मानेची सळई. ॲलन की घालून ती एका वेळी पाव फेराच सैल करायची, स्वर लावायचा आणि पाहायचे. घाई केली तर मान कायमची बिघडू शकते. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली की मध्ये, आठव्या पडद्याजवळ, तार आणि पडदा यांत पाव मिलीमीटरची फट हवी. ती मोजायला बाय महामार्गावरच्या दुचाकीच्या गॅरेजातून फिलर गेज मागून घेऊन आली. इंजिनाचे टॅपेट लावायचे ते पाते गिटारमध्ये सरकवताना पाहून बाबा पहिल्यांदा खुर्चीतून पुढे वाकले.

त्यानंतर तारांची उंची, सतराव्या पडद्यापाशी दीड-पावणेदोन मिलीमीटर. सगळ्यात शेवटी सूर. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर तंतोतंत एक हवा. आमचा दाबलेला स्वर किंचित उतरत होता. बारीक तारेला कमी लांबी पुरते, म्हणून पुलावरचे एकेक खोगीर केसभर पुढे सरकवले.

एवढे करूनही मी वाजवले ते बेसूरच. मुलीने तीच पट्टी धरली तर सुरात. कारण कळायला वेळ लागला. अकराच्या तारेची सवय झालेला माझा हात नऊच्या तारेवरही तेवढ्याच जोराने पडत होता, आणि बारीक तार जास्त दाबली की स्वर चढतो. वाद्य लावून झाले होते, हात लावायचा राहिला होता.

मी वैतागून गिटार खाली ठेवली तेव्हा बाबा बोलले. "आमच्या पखवाजाला वादीखाली गठ्ठे असतात. ते खाली ठोकले की सूर चढतो, वर घेतले की उतरतो. बुवांचं वय झालं की ते पट्टी उतरवतात. काळी चारमध्ये गाणारा माणूस साठीनंतर काळी एकला येतो. त्याच्यासाठी आपण गठ्ठे सैल करतो. त्यात कमीपणा कसला?"

मी म्हटले, "मग तुम्ही का सोडलंत?"

पंचवीस वर्षे अडलेला प्रश्न असा सहज बाहेर पडला. बाबा बराच वेळ पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझा खांदा गेला होता. रात्रभर वाजवणं होईना. मंडळातली मुलं चांगली, म्हणाली, काका, तुम्ही पहिले दोन अभंग वाजवा, पुढचं आम्ही बघतो. मला राग आला. वाजवीन तर सगळं, नाहीतर काहीच नाही. त्या दिवशी गवसणी घातली ती घातली." थोडे थांबून ते म्हणाले, "दोन अभंग कमी नसतात रे. मला ते तेव्हा कळलं नाही."

म्हणजे इतकी वर्षे मी स्वतःला अपराधी समजत होतो, आणि त्या गवसणीचा माझ्या गिटारशी काही संबंधच नव्हता. आणि ज्या अभिमानाने त्यांचा पखवाज कपाटावर गेला, त्याच अभिमानाने माझी गिटार माळ्यावर गेली होती. वारसा मी सोडला असे मला वाटत होते. नेमका तोच तेवढा मी घेतला होता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा गिटार घेतली. बोटे तारेवर ठेवली, दाबली असे म्हणणार नाही. सुरात वाजले. आवाज पूर्वीपेक्षा पातळ आहे, हे खोटे कशाला सांगू? अकराच्या तारेचा तो भरदार घुमारा नऊला नाही. पण तार हाताला विरोध करत नाही, मींड अर्ध्या जोरात निघते, आणि अनामिका रुसली तर मधल्या बोटाने काम भागवता येते. बोट बरे झाले असेही नाही. सकाळी ते अजून अडकते. आता मी ते घरात सांगतो. इंजेक्शनाने साखर काही दिवस वाढते म्हणून त्याचे डॉक्टरांशी बोलूनच ठरवणार आहे. तोवर रोज दहा मिनिटे मी आणि बाकीचा वेळ बाय, अशी गिटारची वाटणी झाली आहे. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या हा नियम. आमच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तारा गंजायला वेळ लागत नाही.

बाबांना आम्ही पखवाज काढायचा आग्रह केला. ते नाही म्हणाले. पुडी बदलावी लागेल, शाई गेली असेल, आता कोण करणार, अशी कारणे सांगितली. ती कसली कारणे असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी जोर केला नाही. पण संध्याकाळी बाय वाजवायला बसली की आरामखुर्चीच्या हातावर त्यांची बोटे चालतात. पहिले दोनचार आवर्तनच, मग थांबतात.

काढलेल्या अकराच्या तारा मी टाकून देणार होतो. बाबांनी मागून घेतल्या. परसात दोडक्याचा मांडव कलला होता, त्याचे दोन बांबू त्यांनी त्या तारांनी आवळून बांधले. चवथीपर्यंत तारांना लाल गंज चढला, पण मांडव हलला नाही. माटोळीला दोडकी घरचीच होती.